आकृती, पार्श्वभूमी आणि श्लेष

एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध चित्रात कधी फुलदाणी दिसते, कधी समोरासमोरचे दोन चेहरे. दोन्ही एकाच क्षणी दिसत नाहीत. सीमारेषा एका वेळी एकाच आकृतीची होते, उर्वरित भाग पार्श्वभूमी ठरतो. पाहणे हीच मुळात संघटनाची क्रिया आहे, हा गेस्टाल्ट मानसशास्त्राचा सिद्धान्त येथे प्रत्ययाला येतो. वोल्फगांग इझर यांनी तो वाचनप्रक्रियेच्या विवेचनात स्वीकारला. विखुरलेल्या संकेतांतून वाचक सुसंगत आकृतिबंध घडवतो, हे त्यांचे प्रतिपादन ग्राह्यच आहे. परंतु श्लेषात एक अर्थ दुसऱ्याला पार्श्वभूमीत ढकलत नाही. दोहोंच्या सहभानातच त्याची चमत्कृती असते. म्हणून दृक्‌संवेदनाचे हे प्रारूप स्वीकारताना साहित्यमीमांसेला एका वेळी एकाच आकृतीची अट सोडावी लागते.