साखरेवर उभे राहिलेले घर

ब्रिस्टल हे पश्चिम इंग्लंडमधील जुने बंदर. तेथील ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचे सात क्रमांकाचे घर ‘जॉर्जियन हाउस’ या नावाने प्रसिद्ध आहे. १७१४ ते १८३० या काळात जॉर्ज नावाचे चार राजे एकामागून एक इंग्लंडच्या गादीवर आले. या वास्तुशैलीचे नाव त्यांच्यावरून पडले. वास्तुशिल्पी विल्यम पेटी याच्या आराखड्यानुसार १७९०च्या सुमारास जॉन पिनी या धनिकासाठी हे घर बांधले गेले. १९३७ मध्ये ते शहराला दान मिळाले. आज ते संग्रहालय असून संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याला दुसऱ्या श्रेणीचा तारांकित दर्जा आहे.

बाहेरून प्रथम जाणवतो तो संयम. बाथचा फिकट पिवळसर दगड, शिस्तीत मांडलेल्या खिडक्या, नक्षीचा मोह टाळलेला दर्शनी भाग. सौंदर्य अलंकारात नसून प्रमाणात असते, ही त्या काळाची श्रद्धा येथे दगडात उतरली आहे. आत चार मजल्यांवरील अकरा दालने पाहता येतात. वर बैठकीची व भोजनाची दालने आणि शयनगृहे. तळघरात स्वयंपाकघर, कपडे धुण्याची जागा आणि मालकाला बुडी मारण्यासाठी थंड पाण्याचे कुंड. वरचा निवांतपणा खालच्या राबत्या हातांवर विसंबून होता. पण ते हात पाहुण्यांच्या नजरेपासून दूरच राहत.

आणि सर्वांत अधिक राबणारे हात तर समुद्रापलीकडे होते. पिनीची संपत्ती वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावरच्या उसाच्या मळ्यांतून आली, आणि ते मळे गुलामांनी कसले. तरुणपणी माणसांचा बाजार प्रथम पाहिला तेव्हा आपल्याला धक्का बसला, असे त्याने पत्रात लिहून ठेवले आहे. परंतु लगेच त्याने मनाची समजूत घातली की, ही ईश्वराचीच योजना असावी. तसे नसते तर देवाने काही खूण दाखवली असती. वाचकहो, जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी देवाचेच नाव घेऊन पुन्हा निजवली गेली, याचा हा पुरावा आपल्याला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

१७६५ मध्ये पिनीने पेरो नावाचा बारा वर्षांचा मुलगा त्याच्या दोन बहिणींसह विकत घेतला. पुढे पेरो त्याचा खासगी सेवक म्हणून ब्रिस्टलला आला, याच घरी राबला आणि १७९८ मध्ये मुक्ती न मिळताच मरण पावला.

संग्रहालयात या इतिहासाची माहिती देणारे छोटे प्रदर्शन आहे, ही समाधानाची गोष्ट. तरीही एक उणीव खटकते. गुलामगिरीची हकीकत स्वतंत्र प्रदर्शनात मांडली की भोजनाचे दालन पुन्हा निष्पाप वाटू लागते. वस्तुतः ती कहाणी त्या मेजावरच्या साखरदाणीपाशीच सांगायला हवी. प्रमाणबद्ध दालन आणि त्याची किंमत चुकवणारा माणूस ही एकाच वास्तूची दोन अंगे आहेत. एकावाचून दुसऱ्याचे रसग्रहण अपुरेच राहील.

ब्रिस्टलच्या बंदरात १९९९ मध्ये एक पादचारी पूल उभा राहिला. त्याला पेरोचे नाव दिले आहे. मालकाच्या घराला आज राजांच्या नावाने ओळखतात. सेवकाच्या नावावरून मात्र लोक रोज ये-जा करतात.