जुना आणि नवा द्राक्षारस : एका उपमेचा आस्वाद

नवा द्राक्षारस नव्या बुधल्यांतच भरावा, ही उपमा मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी दिली आहे. परंतु तिला जोडलेली एक लहानशी पुस्ती एकट्या लूकच्याच पाचव्या अध्यायाच्या अखेरीस आढळते. जुना द्राक्षारस प्यालेल्या माणसाला नव्याची इच्छा होत नाही, त्याला जुनाच रुचतो, असा तिचा आशय आहे. आपल्या धर्मग्रामांतून या पुस्तीचा उपयोग बहुधा वादातील शस्त्रासारखा केला जातो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ख्रिस्तयज्ञ लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागला, त्यानंतर गीतांच्या चाली बदलल्या, सणांच्या रीती बदलल्या. आणि प्रत्येक बदलाच्या वेळी ‘प्रभूनेच जुने चांगले म्हटले आहे’ असा आधार घेतलेला आम्ही ऐकला आहे. हा आधार खरोखर टिकतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

उपमा समजावयाची तर उपमान ओळखीचे असावे लागते. चंद्र न पाहिलेल्यास चंद्रमुखी या शब्दाचे सौंदर्य कळणार नाही. जुना आणि नवा द्राक्षारस शेजारी शेजारी ठेवून ज्याने चाखला नाही, त्याला लूकची पुस्ती कशी कळावी? आमच्या मते या वचनाच्या प्रचलित अर्थातील दोषाचे मूळ येथेच आहे.

पहिली अडचण शब्दाची. मराठी बायबलमध्ये ‘द्राक्षारस’ हा शब्द रूढ झाला आहे. तो श्रुतिमधुर आहे, भारदस्तही आहे. पण मराठी कानाला ‘रस’ म्हटले की उसाचा रस किंवा आमरस आठवतो. ताजा, गोड, नुकताच काढलेला. मूळ ग्रंथातील पेय आंबून तयार झालेले आहे. ते तसे नसते, तर नोहाची फजिती झाली नसती आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांना ‘हे प्यालेले आहेत’ असे हिणविण्यात काही अर्थ उरला नसता. वेदीवरील चषकाविषयीही ख्रिस्तसभेचा नियम स्पष्ट आहे. कॅनन लॉच्या ९२४व्या कलमाप्रमाणे तेथील द्राक्षारस द्राक्षांपासून नैसर्गिक रीतीने झालेला व न बिघडलेला असावा लागतो. आयुर्वेदाच्या कृपेने ‘द्राक्षासव’ हा आंबविलेल्या पेयाचा शब्द मराठीत होता. पण त्याला औषधाच्या बाटलीचा वास येतो. भाषांतरकारांनी तो टाळला, यात नवल नाही. ‘रस’ या शब्दाने मात्र काळ नाहीसा केला. रस ताजा असतो किंवा नासतो. तो परिपक्व होत नाही. आणि लूकच्या वचनाचा सारा भार तर काळावरच आहे.

दुसरी अडचण आपल्या किनाऱ्याची. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातील माणसाला आंबणे म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. त्याने माडी पाहिली आहे. पहाटे उतरविलेली नीरा गोड असते, ऊन चढताच ती फेसाळते, दुपारपर्यंत तिची माडी होते आणि दुसऱ्या दिवशी ती आंबट पडून शिरक्याच्या वाटेला लागते. नव्या द्राक्षारसाने जुने बुधले का फुटतात, हे आपल्या वाडीतल्या माणसाला म्हणूनच चटकन उमगेल. पेय अजून आंबत असते, त्यातून वायू सुटत असतो, आणि एकदा ताणून वाळलेल्या कातड्यात पुन्हा ताणण्याची शक्ती उरलेली नसते. परंतु पुस्ती वाचताना हाच अनुभव त्याला चकवतो. माडीचे आयुष्य तासांनी मोजावयाचे. जुनी माडी चांगली, असे या किनाऱ्यावर कोणी म्हणणार नाही.

जुनेपणाची चव आपल्याला दुसरीकडून ठाऊक आहे, ती तांदळातून. १९८१पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा भाताचा. जुना तांदूळ मोकळा शिजतो, पाहुण्यांसाठी तो राखून ठेवावा, हे घरोघरी माहीत आहे. पण मऊ पेजेला आणि मऊसूत भाकरीला नवाच तांदूळ लागतो. म्हणून कोणतीही शहाणी गृहिणी ‘जुना चांगला, नवा वाईट’ असे सरसकट म्हणत नाही. काय रांधावयाचे आहे, हे ती आधी विचारते. लूकचे वचन वाचताना हा स्वयंपाकघरातला विवेक आपण का सोडून देतो?

द्राक्षारस या किनाऱ्याला अगदीच परका होता, असेही नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीच्या द्राक्षारसाची नोंद आहे, आणि त्यातील सेमुल्ला म्हणजे आपले चौल असे अभ्यासक मानतात. उरण तालुक्यातील घारापुरीला भूमध्य समुद्राकडील दोन मुठींच्या कुंभांची खापरे मिळाली आहेत. पुढे पोर्तुगीज आले. १५९४ साली त्यांनी कोर्लईचा गड घेतला, १७४०मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे गेले. सत्ता गेली तरी गडाच्या पायथ्याचे माउंट कार्मेलचे भाविक राहिले आणि पोर्तुगिजातून जन्मलेली त्यांची ‘नौ लिंग’ ही बोलीही त्यांच्या तोंडी राहिली. नाताळात काळ्या मनुकांची घरगुती वाइन करणारी कुटुंबे आपल्या समाजात आजही आहेत. मात्र ती बहुधा त्याच नाताळात संपते. जुनी होण्याइतका अवसर तिला मिळत नाही.

या सर्व विचारातून, वचनाची परीक्षा जिभेनेच करून पाहावी असे आम्ही काही मित्रांनी ठरविले. थंडीचे दिवस होते. चौलजवळच्या एका मित्राच्या अंगणात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती. चाखावयास तीन बाटल्या होत्या. दोन नाशिककडच्या, एकाच जातीच्या द्राक्षांच्या, शिराझच्या. एक आदल्या वर्षीची आणि दुसरी सहा वर्षांपूर्वीची, यजमानांनी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवून जपलेली. तिसरी आखातातून परतलेल्या एका स्नेह्याने आणली होती. ती विदेशी, महागडी, आणि दहा-बारा वर्षे त्यांच्या दिवाणखान्यातील शोकेसमध्ये उभी होती. आमच्यातील एक मित्र मद्याला स्पर्श करीत नाहीत. वडिलांच्या व्यसनाने त्यांचे बालपण पोळले आहे. त्यांनीच बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पेल्यांत दोन-दोन घोट ओतले आणि कोणत्या पेल्यात काय, हे एका कागदावर लिहून कागद खिशात ठेवला.

पहिल्या पेल्यातील रंग पिकलेल्या जांभळाचा होता. वास फळांचा, चव आंबटसर, आणि मागे जिभेला कोरडे करणारा तुरटपणा, कच्ची सुपारी चघळावी तसा. दुसऱ्याच्या कडेला विटकरी छटा आली होती. त्यात ताज्या फळापेक्षा खारकेचा, मनुकांचा, किंचित चामड्याचा वास होता; तुरटपणा निवला होता आणि घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळत होती. तिसरा पेला मातकट तांबूस, वास शिजवून करपलेल्या गुळासारखा, शेवट शिरक्याचा. दोघांनी दुसऱ्याला पसंती दिली. दोघांना पोपटीबरोबर पहिलाच अधिक आवडला. त्याचा तुरटपणा वालाच्या खमंग चवीशी जुळतो, असे त्यांचे म्हणणे पडले. तिसरा कोणालाच आवडला नाही. कागद उघडला तेव्हा ती शोकेसमधील बाटली निघाली.

यामागचे कारण सरळ आहे. तांबड्या द्राक्षारसातील तुरट द्रव्ये आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांत मिसळून जड होतात, गाळ होऊन तळाशी बसतात. त्यामुळे चव मऊ होते. पण याला सुमारे १२ ते १५ अंशांचा गारवा लागतो, अंधार लागतो, बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी असावी लागते. आपल्या किनाऱ्यावरील वैशाखात ३०-३५ अंशांच्या उष्म्यात उभी ठेवलेली बाटली मुरत नाही, नुसती शिजते. शिवाय जगात तयार होणारा बहुतेक द्राक्षारस हा पहिल्या काही वर्षांतच प्यावयाचा असतो. ठेवल्याने तो सुधारत नाही. तेव्हा जुने होणे आणि पडून राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुरण्याची ताकद मुळात असावी लागते आणि जपणाराही असावा लागतो. ‘जुने ते सोने’ ही म्हण उच्चारताना आपण हा भेद विसरतो.

या अनुभवानंतर आम्ही काना गावच्या लग्नाची कथा पुन्हा वाचली, आणि तिच्यातील एका उपेक्षित पात्राकडे आमचे लक्ष गेले. ते पात्र म्हणजे भोजनकारभारी. योहान आवर्जून सांगतो की हा द्राक्षारस कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते; पाणी काढणाऱ्या सेवकांना मात्र ठाऊक होते. म्हणजे नाव, गाव, वय काहीही न कळता त्याने केवळ चवीवरून निर्णय दिला, आणि तो निर्णय असा की उत्तम ते शेवटी आले आहे. सहा दगडी रांजणांतला, आजच्या मापाने सुमारे ४७० ते ७०० लिटर द्राक्षारस वयाने काही क्षणांचा होता. जुन्याचा अभिमानी माणूस त्याला चाखण्यापूर्वीच नाकारता. संत ऑगस्टीन या प्रसंगाविषयी म्हणतात की पावसाच्या पाण्याचा द्राक्षारस परमेश्वर वेलीमधून दरवर्षी करीतच असतो. कानात त्याने तेच कार्य एका क्षणात केले. काळाचा स्वामी तोच असल्यामुळे कानामध्ये नव्यालाच परिपक्वता लाभली.

आता लूककडे वळू. या पुस्तीने प्राचीन लेखनिकांनाही बुचकळ्यात टाकले होते, असे दिसते. बेझा नावाच्या प्रसिद्ध हस्तलिखितात व काही जुन्या लॅटिन प्रतींत ती मुळी नाहीच. आणि जेथे आहे तेथे काही प्रतींत जुना ‘चांगला’ तर काहींत ‘अधिक चांगला’ असा पाठभेद आहे. जो प्रभू नव्याची घोषणा करीत आहे, तोच जुन्याची तरफदारी कशी करील, हा पेच खरा आहे. परंतु वचनातील माणूस काय करतो ते पाहावे. तो जुना पितो आणि नव्याची इच्छाच करीत नाही. दोन पेले शेजारी ठेवून त्याने तुलना केलेली नाही. न चाखता दिलेला तो अभिप्राय आहे. संदर्भही उपवासावरून प्रभूला जाब विचारणाऱ्यांचा आहे. म्हणून हे वचन नियम नसून सौम्य उपरोध आहे, असे आम्हास वाटते. सवयीने माणसाची जीभ कशी बांधली जाते, याचे ते हसतमुख वर्णन आहे. त्यात थोडी सहानुभूतीही आहे. जुन्याला खरोखरच चव असते, हे प्रभू नाकारीत नाही.

नव्याशी कसे वागावे याचे उत्तर बेनसिराने दिले आहे. आपल्या कॅथलिक बायबलमधील हा ग्रंथ इसवी सनापूर्वी सुमारे १८० साली हिब्रूत रचला गेला. त्याच्या नवव्या अध्यायात तो सांगतो की जुन्या मित्राला सोडू नये; नवा मित्र नव्या द्राक्षारसासारखा असतो, तो मुरला म्हणजे आनंदाने प्यावा. लूकच्या वचनातील माणूस नव्याला नाकारतो. बेनसिरा त्याला वेळ देतो. प्रत्येक जुना मित्र कधीतरी नवा होता, ही साधी गोष्ट या उपमेत सामावली आहे. धर्मग्रामात नव्याने राहावयास आलेले कुटुंब, नवी चाल, नवा धर्मगुरू, यांना हीच कसोटी लावावी.

द्राक्षारसाच्या आनंदाविषयी आपल्या पानांवर लिहावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो आक्षेप हलका नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक धर्मग्रामात आहेत, आणि आमच्या मंडळीतील न पिणारे मित्र याचे साक्षी आहेत. त्या रात्री ते म्हणाले, “तुम्ही दोन घोटांवर एवढा वेळ बोललात. आमच्या घरी बाटली संपेपर्यंत कोणी काही बोलत नसे आणि संपल्यावर कोणी ऐकत नसे.” व्यसनाचे याहून नेमके वर्णन आम्ही वाचलेले नाही. बेनसिराही एकतिसाव्या अध्यायात दोन्ही बाजू सांगतो: द्राक्षारस माणसाच्या आनंदासाठी निर्माण झाला, आणि अतिरेकाने तोच जिवाला कडू करतो. पुढे तो यजमानाने तोरा मिरवू नये, मेजवानीत शेजाऱ्याला टोचून बोलू नये, संगीत चालू असताना लांबलचक भाषण करू नये, असे घरगुती नियमही घालून देतो. बाप्तिस्मा करणारा योहान द्राक्षारस पीत नव्हता. येशू पीत होता आणि त्याबद्दल निंदाही सोशीत होता. शुभवर्तमानात दोघांनाही स्थान आहे. ज्याला एका घोटावर थांबता येत नाही त्याने योहानाचा मार्ग धरावा, आणि मेजावर त्याचा मान तिळभरही कमी होऊ नये. कानातही रहस्य ठाऊक होते ते चाखणाऱ्याला नव्हे, ओतणाऱ्यांना.

शेवटी पुन्हा शब्दाकडे. बेनसिराच्या नातवाने आजोबांचा ग्रंथ ग्रीकमध्ये आणला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने कबूल केले की हिब्रूतील बोलांचे सामर्थ्य दुसऱ्या भाषेत तेवढेच राहत नाही. आपल्या भाषांतरकारांनाही हीच सवलत द्यावयास हवी. ‘द्राक्षारस’ हा शब्द बदलावा असे आम्ही म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रार्थनेत तो मुरला आहे, आणि ‘रस’ या शब्दाला आपल्या काव्यशास्त्रात आस्वादाचा मोठा अर्थही आहे. परंतु प्रवचनात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात या शब्दातील हरवलेला काळ परत भरून द्यावा. हे पेय आंबते, फेसाळते, बुधले फोडते, निवते, मुरते आणि हयगय झाली तर नासतेही, एवढे मुलांना सांगितले तरी लूकचे वचन वादात फेकण्याचे शस्त्र राहणार नाही. ‘जुने तेच बरे’ असे पुढच्या वेळी कोणी म्हणाले, तर आपण नम्रपणे एवढेच विचारावे: दोन्ही पेले चाखून पाहिलेत काय?