रहस्यकथेचे पान

डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या नाशकात ९४वे साहित्य संमेलन भरले. कुसुमाग्रज नगरीत मीही हिंडत होतो. एका कवींनी विचारले, "मास्तर, काय लिहिता?"

"रहस्यकथा."

"ते असू द्या हो. साहित्य काही?"

मी हसलो, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न सलत राहिला.

संमेलनाध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. १९७४ साली त्यांनी 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा स्पर्धेला धाडली ती टोपणनावाने. विज्ञानकथेला मान मिळाला, याचा मला आनंदच आहे. टोपणनाव बाबुराव अर्नाळकरांनीही घेतले होते. हे मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). हजारावर रहस्यकथा लिहून गिनीज बुकात गेले. अध्यक्षपद मात्र त्यांच्या वाट्याला कधी आले नाही.

अर्नाळकरांचे दोष मी झाकत नाही. लेखन घाईचे, माणसे एकरंगी, आणि नायक अडला की योगायोग मदतीला हजर! पण झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या ओढीने किती घरांत वाचनाची गोडी लागली! पहिल्याच पानावर वाचकाचे बोट धरावे आणि शेवटपर्यंत सोडू नये, ही विद्या सोपी नव्हे. माझ्या वर्गात धड्याला पेंगणारी पोरे रहस्यकथा सुरू झाली की घंटा होऊनही हलत नाहीत.

समीक्षकांनी रहस्यकथेला खुशाल नापास करावे. आम्हा मास्तरांचे म्हणणे एवढेच, की आधी पेपर तपासावा.