गणावरून रेणुसूत्र: भाकीत की पाठांतर?

दहावीत आपण सगळे एक युक्ती शिकलो. मूलद्रव्याचा गण बघा, संयुजा काढा, तिरकस गुणाकार करा, झालं रेणुसूत्र. मॅग्नेशियम गण २ मधलं, क्लोरीन गण १७ मधलं, म्हणून प्रमाण १:२. उत्तर बरोबरच येतं. पण याला ‘भाकीत’ म्हणायचं का?

मेंडेलीव्हची सारणी आठवा. प्रत्येक गणाच्या डोक्यावर ऑक्साइडचं सामान्य सूत्र असतं. म्हणजे त्यानं सूत्रांचा आधार घेऊन गण पाडले, आणि आपण गणावरून तीच सूत्रं पुन्हा काढतो! खरं भाकीत वेगळं होतं. १८७१ मध्ये त्यानं सिलिकॉनखालच्या रिकाम्या जागेबद्दल लिहिलं, की याच्या क्लोराइडमध्ये ४ क्लोरीन असतील आणि ते १०० अंशांच्या जरा खाली उकळेल. १८८६ मध्ये विंकलरला जर्मेनियम सापडलं. क्लोराइड तसंच निघालं, उकळलं ८६ अंशांच्या आसपास. हे भाकीत चुकू शकलं असतं. म्हणूनच त्याला किंमत आहे.

आज गण इलेक्ट्रॉन संरूपणावरून ठरतो, त्यामुळं युक्तीला भक्कम आधार आहे. तरी तिची हद्द कुठं संपते हे कुणी सांगत नाही. सोडियम भरपूर हवेत जाळलं तर मुख्यतः पेरॉक्साइड मिळतं. सोडियम-ऑक्सिजन प्रमाण २:१ नाही, १:१.

आमच्या माण तालुक्यात तर पुरावा पायाखालीच आहे. सगळा बेसॉल्ट खडक. म्हसवडजवळ माणगंगेच्या वाळूत कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, काळे कण चिकटतात. ते मुख्यतः मॅग्नेटाइट: लोहाचे ३ अणू, ऑक्सिजनचे ४. लोह गण ८ मधलं, पण संयुजा ८ नाहीच. सूत्रावरून उलट काढली तर येते ८/३! खरं म्हणजे एका लोहाची २ आणि दोघांची ३. त्यात बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियमही शिरलेलं असतं, मग पूर्णांकी प्रमाणही हातात राहत नाही.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी अशाच एका नमुन्याचं सूत्र फळ्यावर ठोकून दिलं होतं. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “हे मोजलंस की मांडलंस?” मोलची सगळी गणितं पुन्हा करावी लागली.

तेव्हा युक्ती सोडू नका. फक्त वहीत प्रत्येक सूत्रापुढं एक शब्द लिहा: ‘मोजलेलं’ किंवा ‘मानलेलं’. संशोधन या दोन शब्दांमधल्या अंतरात सुरू होतं.