उघड्या भिंगाची कसोटी

स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातले काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. त्यासाठी वापरलेले झाइसचे ५० मिमी एफ/०.७ प्लॅनर भिंग मुळात नासासाठी घडवलेले होते. एफ/१.४ च्या भिंगाच्या चौपट प्रकाश ते आत घेते. मात्र त्याची मागची काच फिल्मला जवळजवळ चिकटत असल्याने मिचेल कॅमेऱ्यात मोठे फेरफार करूनच ते बसवावे लागले. नट थोडा पुढे झुकला तरी चेहरा फोकसबाहेर जाई. म्हणून काटकोनात एक व्हिडिओ कॅमेरा लावून नटाचे अंतर पाहिले जाई. परक्या कॅमेऱ्यावर भिंग चढवण्याच्या कलेचा हा अजूनही सर्वोत्तम दाखला आहे.

आज ही कला हौशी छायाचित्रकारांच्याही आवाक्यात आली, ती कॅमेऱ्यातला आरसा गेल्यामुळे. आरशाला जागा हवी म्हणून निकॉन एफ कॅमेऱ्यात माउंटपासून, म्हणजे भिंग बसते त्या कडीपासून, फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर होते. सोनी ई माउंटमध्ये ते १८ आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमी आहे. लायका एमच्या भिंगाला २७.८ मिमी लागतात. उरलेले अंतर पोकळ अ‍ॅडॉप्टरने भरले की भिंग बसते. २०१३ मध्ये सोनी ए७ आल्यावर ३५ मिमी फिल्मची पूर्ण चौकटही मिळू लागली, आणि पडद्यावर प्रतिमा मोठी करून हाताने अचूक फोकसही साधता येतो.

तरीही प्रत्येक भिंगाची अडचण वेगळी. कॅननचे १९६१ चे ५० मिमी एफ/०.९५ ‘कॅनन ७’च्या खास बाहेरच्या माउंटसाठी बनले होते, त्यामुळे लायकाचा साधा अ‍ॅडॉप्टर त्याला चालत नाही. आँजेन्यूचे २५ मिमी एफ/०.९५ सोळा मिमी फिल्मचे. पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर त्याचे कोपरे काळे पडतात. क्ष-किरणांच्या चकाकणाऱ्या पडद्याचे फोटो घेण्यासाठी केलेल्या रोडेनश्टॉकच्या हेलिगॉनसारख्या भिंगांना बहुधा ना छिद्र लहान करण्याची सोय, ना फोकसची कडी. त्यांची प्रतिमा मागच्या काचेपासून काही मिलिमीटरवरच पडते, म्हणून त्यांच्यावर दूरचे दृश्य सहसा स्पष्ट होत नाही. फुले, कीटक, डोळा असे जवळचे विषयच साधतात.

सेन्सरचा अडथळा वेगळाच. फिल्मपुढे काच नव्हती; सेन्सरपुढे असते. ती तिरपे किरण वळवते आणि जुन्या भिंगांच्या कडा विस्कटतात. फार तिरपा प्रकाश पिक्सेलपर्यंत पुरता पोहोचतही नाही, त्यामुळे एफ/०.९५ चा थोडा फायदा वाटेतच विरतो.

तंत्र एवढे पुढे गेले, पण चित्रे? माझ्या मते ती मागे पडली आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस छायाचित्रकार एरिक सालोमनने एर्मानॉक्स कॅमेऱ्याच्या वेगवान भिंगाने न्यायालये आणि राजकीय परिषदा आतून टिपल्या. त्याला आणि कुब्रिकलाही उजेडाची निकड होती. आजचा सेन्सर अंधुक खोलीतही निभावून नेतो. ती निकड जवळपास संपली आहे. अशा भिंगाकडे जाण्याचे खरे कारण उरते ते त्याचा स्वभाव: पूर्ण उघडल्यावर उजळ भागाभोवती पसरणारी आभा, मऊ कॉन्ट्रास्ट, कडेला लंबगोल होणारे प्रकाशबिंदू. हा स्वभाव विषयाला काही देतो का, हाच समीक्षेचा प्रश्न असायला हवा. बहुतेक चित्रांत एक डोळा स्पष्ट, बाकी सारे धूसर, आणि मागे दिव्यांची माळ एवढेच असते. ५० मिमी एफ/०.९५ वर एक मीटरवरची स्पष्टता जेमतेम दोन सेंटिमीटर असते. त्या दोन सेंटिमीटरांत काय ठेवायचे हे ठरवल्याशिवाय घेतलेल्या चित्रात छायाचित्रकार दिसत नाही, फक्त भिंग दिसते.

ही जुनी भिंगे पुन्हा कोणी घडवणार नाही. म्हणून त्यांचे माउंट कापू नका. परत काढता येईल असाच अ‍ॅडॉप्टर करून घ्या. ज्या भिंगात छिद्र लहान करता येते, ते एफ/२ वरही वापरून पाहा. आणि पूर्ण उघडे ठेवाल, तेव्हा त्याचे कारण चित्रात दिसू द्या.