शेजार आणि संबंध : मुंबईतील जागतिक कलाप्रदर्शनांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने गेल्या काही वर्षांत परदेशी संग्रहालयांच्या सहकार्याने एका विशिष्ट प्रकारची प्रदर्शने सातत्याने भरविली आहेत. २०१२-१३ मध्ये इजिप्तच्या ममींचे प्रदर्शन झाले. २०१३ च्या डिसेंबरात सायरसचा मृत्तिका-लेख मुंबईत आला आणि पारशी समाजाच्या या शहरात त्याचे स्वागत एखाद्या आप्ताप्रमाणे झाले. ११ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘इंडिया अँड द वर्ल्ड : अ हिस्टरी इन नाइन स्टोरीज’ हे मोठे प्रदर्शन सर्वांसाठी खुले झाले. २०२३ च्या डिसेंबरात भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस व रोम यांच्या प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची राज्य संग्रहालये आणि गेटी यांच्या साहाय्याने उभे राहिले. २०२५ च्या डिसेंबरात ‘नेटवर्क्स ऑफ द पास्ट’ या नावाचे अभ्यासदालन सुरू झाले.

या सर्व उपक्रमांमागील भूमिका एकच आहे. भारताच्या भूतकाळाकडे जगापासून तोडून पाहू नये. भारतीय वस्तू आणि जगातील अन्य संस्कृतींच्या वस्तू एकमेकींच्या शेजारी ठेवाव्यात, म्हणजे पाहणाऱ्याला दोहोंचा नवा अर्थ लागेल, अशी ती भूमिका होय. ती स्वागतार्ह आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तथापि दोन वस्तू शेजारी ठेवल्याने नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न या प्रदर्शनांच्या संदर्भात पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला दिसत नाही. शेजार हा अभिरक्षकाने निर्माण केलेला असतो. संबंध हा इतिहासाने निर्माण केलेला असतो. या दोहोंतील अंतर पाहणाऱ्यास जाणवून देणे हे प्रदर्शनाचे काम आहे, आणि तेथेच ही प्रदर्शने कमी पडतात.

शेजाराची दोन रूपे

२०१७ चे प्रदर्शन या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचे. जे. डी. हिल आणि नमन आहुजा या दोन अभिरक्षकांनी त्याची मांडणी केली होती. दोनशेहून अधिक वस्तू नऊ विभागांत विभागलेल्या होत्या. त्यांतील शंभरावर ब्रिटिश म्युझियमच्या व उर्वरित भारतातील विविध संग्रहांतील होत्या. पहिल्या हत्यारांपासून आरंभ करून, पहिली नगरे, साम्राज्ये, राज्यसत्ता व धर्म, देवतांचे रूपांकन, हिंदी महासागरातील व्यापार, दरबारी संस्कृती आणि स्वातंत्र्याचा शोध असा प्रवास करीत ते कालाच्या कल्पनेपाशी येऊन थांबत असे. नील मॅकग्रेगर यांनी २०१० मध्ये शंभर वस्तूंच्या आधारे जगाचा जो इतिहास सांगितला, त्या पद्धतीचा प्रभाव या रचनेवर उघड होता. मात्र येथे भारतीय संग्रहांतील वस्तू बरोबरीच्या नात्याने उभ्या होत्या, हे तिचे वेगळेपण मान्य करावयास हवे.

साम्राज्यांच्या विभागात रोमन सम्राट हेड्रियन आणि मथुरेचा कुषाण राजा यांच्या प्रतिमा एकमेकांच्या सोबतीला होत्या. एकाचे मुख आपल्याला चांगले परिचित, दुसरा शिरविहीन. एक संगमरवरात, दुसरा मथुरेच्या तांबड्या वालुकाश्मात. दोघांच्या प्रतिमा पाहताना राजसत्ता आपले शरीर कसे मांडते, पोशाख आणि पवित्रा यांतून अधिकार कसा व्यक्त होतो, हे चटकन लक्षात येते. शेजाराचे हे खरे सामर्थ्य होय. परंतु येथवरचा लाभ साधर्म्याचा आहे. हेड्रियनच्या जागी चीनच्या हान सम्राटाची प्रतिमा ठेवली असती तरी तुलनेतून जवळजवळ हाच निष्कर्ष हाती आला असता.

वस्तुतः या दोन सत्तांमध्ये साधर्म्याच्या पलीकडे जाणारे काही आहे. कुषाणांच्या सुवर्णनाण्याचे वजन रोमन सुवर्णनाण्याच्या वजनाच्या बरेच जवळ जाते, याची चर्चा नाणकशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केलेली आहे. आरा येथील खरोष्ठी लेखात एका कुषाण राजाच्या बिरुदावलीत ‘कैसर’ हे रोमन बिरुद आढळते. रोमच्या सम्राटाचे बिरुद सिंधूकाठच्या राजाला आपलेसे करावेसे वाटले, ही घटना कोणत्याही दोन पुतळ्यांच्या शेजारापेक्षा अधिक बोलकी आहे. पण पुतळा दिसतो, नाणे लहान असते आणि शिलालेख वाचावा लागतो. नेत्रसुखाला प्राधान्य देणाऱ्या मांडणीत पुराव्याचे हे तारतम्य उलटे होते. भव्य वस्तू पुढे येते आणि संबंध सिद्ध करणारी वस्तू काचेच्या कपाटात कोपऱ्यात राहते. प्रदर्शनाच्या कलेतील ही अडचण सार्वत्रिक आहे. ती केवळ मुंबईची नव्हे.

याच्या उलट उदाहरण दरबारी संस्कृतीच्या विभागात होते. रेम्ब्रँट या डच चित्रकाराने सतराव्या शतकाच्या मध्यात मुघल लघुचित्रांवरून काही रेखाटने केली. त्यांपैकी जहांगीराचे रेखाटन येथे मांडलेले होते. अ‍ॅमस्टरडॅममधील चित्रकारापर्यंत मुघल चित्रे पोहोचली ती डच व्यापाराच्या मार्गाने. ही रेखाटने त्याने ज्या कागदावर केली तो कागदही आशियातून आलेला. येथे अभिरक्षकाला शेजार निर्माण करण्याची गरजच उरत नाही, कारण संबंध त्या एका कागदात सामावलेला आहे. आणि हा व्यवहार एकमार्गी नव्हता. इ. स. १६०० च्या सुमारास अबुल हसन हा मुघल चित्रकार, तेव्हा केवळ बारा-तेरा वर्षांचा, ड्यूररच्या मुद्राचित्रावरून संत जॉनची आकृती रेखाटत होता. या रेखाटनासमोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला ‘प्रभाव’ या शब्दाचा अर्थ जितका कळेल, तितका तो दहा व्याख्यानांतून कळणे कठीण.

हे दोन प्रकार, केवळ साधर्म्याचा शेजार आणि प्रत्यक्ष देवघेवीचा शेजार, प्रदर्शनात एकाच प्रकाशात आणि एकाच आकाराच्या फलकांसह मांडले गेले. पाहणारा एका दालनातून दुसऱ्यात जाताना त्याच्या मनात दोहोंची सरमिसळ होते आणि ‘सगळे जग पूर्वीपासून जोडलेले होते’ असा एक सुखद, परंतु अस्पष्ट ग्रह घेऊन तो बाहेर पडतो. इतिहासाच्या अध्यापकाला हा ग्रह वर्गात नंतर बराच खोडावा लागतो.

थाळीफेक्याचे मस्तक

२०१७ च्या प्रदर्शनातील सर्वाधिक गर्दी खेचणारी वस्तू म्हणजे टाउनली संग्रहातील ‘डिस्कोबोलस’, अर्थात थाळीफेक्या. मायरन या ग्रीक शिल्पकाराने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात घडविलेले मूळ कांस्यशिल्प नष्ट झाले. जे आज ‘ग्रीक’ म्हणून पाहिले जाते ती रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती होय. ती टिव्होली येथील हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सापडली. चार्ल्स टाउनली या इंग्रज संग्राहकाने ती विकत घेतली आणि १८०५ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमकडे आली. दुरुस्ती करताना तिचे मस्तक चुकीच्या दिशेने बसविले गेले. मायरनचा खेळाडू वळून थाळीकडे पाहत होता. हा मात्र जमिनीकडे पाहतो. १७८१ मध्ये रोममध्ये सापडलेल्या दुसऱ्या प्रतिकृतीवरून ही चूक उघड झाली.

या एका शिल्पाच्या चरित्रात प्रदर्शनाचा सारा विषय दडलेला आहे. ग्रीकांची कला जपण्याची हौस एका रोमन सम्राटाला होती. ते रोमन अवशेष एका इंग्रजाने जमविले. त्याच्या देशाने भारतावर राज्य केले. आणि त्या राज्याच्या अस्तानंतर सत्तर वर्षांनी तोच थाळीफेक्या उसनवारीने मुंबईत आला. प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी या शिल्पाला आपला वारसा म्हटले आहे, आणि एका टप्प्यावर तर त्याची मानही फिरविली आहे. हेड्रियनची प्रतिमा त्याच प्रदर्शनात असताना हे सूत्र जोडणे अवघड नव्हते. परंतु अशा प्रदर्शनांतील माहितीफलकांची रूढ रीत म्हणजे स्थळ, काळ, माध्यम आणि वस्तू देणारी संस्था एवढे सांगणे. वस्तू घडविली गेल्यापासून ती काचेमागे येईपर्यंतच्या मधल्या शतकांना त्या रीतीत जागा नाही.

उसनवारी आणि नोंद

या मधल्या शतकांविषयीचे मौन निरागस नाही, असा आक्षेप घेतला जातो. ब्रिटिश म्युझियमवर १९६३ च्या कायद्याने संग्रहातील वस्तू कायमच्या देऊन टाकण्याबाबत कडक निर्बंध आहेत. त्यामुळे उसनवारी हा त्या संस्थेपुढील सोयीचा मार्ग ठरतो आणि ‘सामायिक वारसा’ ही भाषा परतीच्या मागणीची धार बोथट करते, असा हा आक्षेप. त्यात तथ्य आहे. तरीही तेवढ्यावरून ही प्रदर्शने त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. लंडन वा बर्लिनला जाणे ज्यांना आयुष्यात शक्य नाही, अशा नांदेड वा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला ही शिल्पे मूळ रूपात, चारही बाजूंनी पाहता आली, हा लाभ छायाचित्रांनी भरून निघणारा नाही. शिवाय मुंबईच्या संस्थेने केवळ जागा देण्याची भूमिका न घेता मांडणीचे सूत्र ठरविण्यात वाटा उचलला, हेही महत्त्वाचे.

उसनवारीत नोंदीचा प्रामाणिकपणा कसा असावा याचे एक उदाहरण महाराष्ट्राला अलीकडेच मिळाले. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याला तीन वर्षांच्या करारावर आली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या कुटुंबात गेलेली ही वाघनखे शिवछत्रपतींनी वापरलेली तीच होत काय, याची पडताळणी करता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाने आपल्या नोंदीत म्हटलेले आहे. वस्तूबद्दल काय ज्ञात आहे आणि काय परंपरेने सांगितले जाते, हे वेगळे करून लिहिल्याने श्रद्धेला बाधा आली असे दिसले नाही. साताऱ्यातील गर्दी त्यास साक्ष आहे.

उलट दिशेचा प्रवासही ध्यानात घ्यावयास हवा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची लहानशी रोमन कांस्यमूर्ती एरवी तेथील टाउन हॉल संग्रहालयात असते. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील ‘ट्री अँड सर्पंट’ या प्रारंभिक बौद्ध कलेच्या प्रदर्शनात मांडली गेली. सातवाहनकालीन घाटमाथ्यावरच्या नगरात भूमध्य सागरावरची देवता पोहोचली होती, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा आहे. करवीरवासीयांपैकी किती जणांनी ती टाउन हॉलमध्ये पाहिली असेल, हा प्रश्न वेगळा, आणि काहीसा अप्रिय.

घरचा संग्रह

मुंबईचे संग्रहालय स्वतः वसाहतकालीन संग्राहक आहे, ही बाब या जागतिक प्रदर्शनांत सहसा पुढे येत नाही. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी, विटेटची वास्तू, पहिल्या महायुद्धातील लष्करी रुग्णालय आणि १९२२ मधील उद्घाटन हा इतिहास सर्वज्ञात आहे. परंतु त्याच्या दालनांतील मीरपूर खास येथील गुप्तकालीन मृत्तिकाशिल्पे आज पाकिस्तानात असलेल्या सिंधमधून आली आहेत. हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये काहू-जो-दारो स्तूपाचे उत्खनन केले तेव्हा सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता, म्हणून ती मुंबईत आली. ब्रिटिश म्युझियमला विचारला जाणारा प्रश्न येथे मवाळ स्वरूपात का होईना, विचारता येतो.

याहून लक्षणीय आहेत ती असीरियन उठावशिल्पे. निमरूदच्या राजप्रासादातील काही शिलापट्ट मुंबईच्या या संग्रहात अनेक दशके आहेत. १८४० च्या दशकात लेयार्डच्या उत्खननातील शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. मुंबई बंदरात त्या महिनोन् महिने पडून राहिल्या, उघडल्या गेल्या आणि येथील लोकांनी त्यांतील शिल्पे लंडनकरांच्या आधी पाहिली. असीरिया आणि मुंबई यांच्यातील संबंध प्राचीन काळात शोधावयाचा तर तर्क लढवावे लागतात. एकोणिसाव्या शतकात तो बंदराच्या धक्क्यावर उभा आहे. २०२३ च्या प्रदर्शनाच्या शीर्षकात असीरियाचे नाव होते. ती कथा सांगण्यास याहून योग्य जागा जगात दुसरी नव्हती.

‘नेटवर्क्स ऑफ द पास्ट’ हे नाव घेऊन उभे राहिलेले दालन महाविद्यालयीन अध्यापनाशी जोडले जावे, अशी त्यामागील अपेक्षा आहे. ‘जाळे’ हा शब्द साधर्म्याहून अधिकाचे आश्वासन देतो. दोन बिंदूंमधील धागा दाखविता आला तरच तो सार्थ होतो. विद्यार्थ्यांना तेथे नेणाऱ्या अध्यापकाने प्रत्येक जोडीसमोर दोनच गोष्टी लिहून घ्यावयास सांगाव्यात : या दोन वस्तूंची भेट इतिहासात झाली की या दालनात, आणि त्यांतील प्रत्येक वस्तू येथवर कोणत्या मार्गाने आली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फलकावर नसेल तेथे तशी नोंद करावी. त्यानंतर त्यांना त्याच वास्तूतील निमरूदच्या शिलापट्टांपाशी न्यावे.