भिंत अडवते, कारण तसं लिहिलंय: 'बाबा इज यू' खेळताना

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि गाडी 'यात नवीन काय?' या प्रश्नावर अडलीये, अशांसाठी आज एका व्हिडिओ गेमबद्दल लिहितेय. नाव 'बाबा इज यू'. यातला बाबा म्हणजे वडील नव्हेत. तो सशासारखा दिसणारा एक पांढरा प्राणी आहे.

नवा गेम सुचवा म्हटलं की आपण बहुतेकदा ओळखीच्या गेमला नवे कपडे घालतो. झोंबी काढून वेताळ, न्यूयॉर्क काढून पुणं. संशोधनाचे विषयही असेच शिवले जातात: 'हेच, पण आमच्या जिल्ह्यात', 'हेच, पण दुसरा नॅनोकण घेऊन'. त्यात वाईट काही नाही. जिल्हा बदलल्यावर कधीकधी खरंच वेगळं उत्तर मिळतं. पण ते वेगळं का यावं हे तुम्हाला आधी सांगता येत नसेल, तर कमिटीसमोर अवघड जातं.

आता हा गेम बघा. 'सोकोबान' हा जुना जपानी गेम १९८२चा. गोदामातली खोकी ढकलत ठरलेल्या जागी न्यायची, ओढायची सोय नाही. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने ही ढकलाढकल जशीच्या तशी ठेवली. फक्त खोक्यांच्या जोडीला शब्द आणले. पडद्यावर 'वॉल इज स्टॉप' असे तीन ठोकळे ओळीत असतात, म्हणून भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला केलात की भिंत नुसतं चित्र उरते, आरपार चालत जा. 'फ्लॅग इज विन' आहे म्हणून झेंड्याला शिवलं की जिंकता. 'बाबा'च्या जागी 'रॉक' सरकवून 'रॉक इज यू' केलंत, तर तुम्ही दगड झालात. आणि चुकून 'बाबा इज यू' हेच वाक्य मोडलंत तर? संगीत थांबतं. पडद्यावर तुम्ही कुणीच उरत नाही. पण एक बटण दाबून मागे येता येतं, हवं तितक्या वेळा. ही सोय मला फार महत्त्वाची वाटते. ती नसती तर नियम मोडून बघायची हिंमत कुणी केली नसती.

याचा पहिला नमुना २०१७ साली 'नॉर्डिक गेम जॅम' या स्पर्धेत झाला. विषय दिला होता 'नॉट देअर', म्हणजे 'तिथे नसलेलं'. इथे डोळ्यांसमोर भूत किंवा हरवलेली वस्तू येणं साहजिक होतं. तेइकारीने त्यातला 'नॉट' उचलला, तोही तर्कशास्त्रातला. तिथून 'अमुक हे तमुक नाही' अशी वाक्यं, आणि मग वाक्यंच ढकलता आली तर? दिलेला विषय सगळ्यांना सारखाच होता, वाचला मात्र त्याने निराळा. (बाबा आणि केके ही पात्रांची नावं मानसशास्त्रातल्या बूबा-किकी प्रयोगावरून आली आहेत. गोल आकाराला बूबा, टोकदाराला किकी.)

पूर्ण गेम आला २०१९मध्ये, दोनशेहून जास्त लेव्हल घेऊन. खरं काम तिथे दिसतं. कल्पना एका ओळीची आहे, पण तिचा पिच्छा शेवटपर्यंत पुरवलाय. 'अँड' जोडला तर? 'नॉट' जोडला तर? पुढे 'लेव्हल' हाच शब्द ठोकळा म्हणून हाती येतो आणि आपण ज्यात खेळतोय तीच चौकट वस्तू बनते. तुमच्या प्रश्नालाही हेच विचारून बघा: पहिल्या पेपरनंतर त्यातून दुसरा प्रश्न निघतो का?

तक्रारही आहे. मधल्या टप्प्यात बरीच कोडी नियमाची न राहता जागेची होतात. काय करायचं ते कळलेलं असतं, पण एक घर कमी पडतं म्हणून ठोकळा वळवता येत नाही आणि अर्धा तास जातो. 'आता सुचलं' हा आनंद जाऊन 'एकदाचं बसलं' एवढंच उरतं. यातली तीसेक कोडी गाळली असती तर गेमचं काही बिघडलं नसतं.

खेळणार असाल तर पहिल्या दहा-बारा लेव्हलची उत्तरं यूट्यूबवर बघू नका. आणि अडलात, तर आधी पडद्यावरचं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा. बहुतेकदा 'भिंत आहे म्हणजे अडवणारच' असं आपण न वाचताच धरून चाललेलो असतो.